खाणीचा चोथा आणि दर्भाचे मूळ

दोन वर्षांपूर्वी आदिलाबाद भागात वनौषधी गोळा करणाऱ्या बायकांबरोबर काम करणाऱ्या एका लहानशा मंडळाने माझ्याकडे चार पानांचे एक पत्रक मराठीत करून मागितले. त्या पट्ट्यातल्या पुष्कळ गावांत घरची भाषा मराठी आहे. तेलुगू पत्रक तिथे वाटले जाते, पण वाचले जात नाही. मी हैदराबादेत उभी हयात वनस्पतिशास्त्र शिकवले, मराठीत अधूनमधून लिहिते, म्हणून काम माझ्याकडे आले. मूळ मजकूर जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली काढलेल्या एका मार्गदर्शिकेवर बेतलेला होता. औषधी वनस्पतींची लागवड आणि संकलन कसे करावे, हा तिचा विषय. त्यात एक साधे वाक्य आहे: अमुक ठिकाणांहून वनस्पती गोळा करू नयेत. मग ठिकाणांची यादी येते. रस्त्याच्या कडा, सांडपाण्याचे चर, कचऱ्याचे ढीग, कारखान्यांचा परिसर. याच यादीत एक नाव आहे, ‘माइन टेलिंग्ज’.

बाकीची यादी दहा मिनिटांत झाली. या एका नावापाशी मी आठवडाभर अडले.

‘खनिजावशेष’ लिहून पाहिले. तो शब्द वाचून एखादीला वाटेल की इथे काही मौल्यवान पुरलेले आहे. ‘शेषगाळ’ लिहिला, तो परिभाषा समितीच्या बैठकीत शोभेल, रानात नाही. शेवटी ‘खाणीचा चोथा’ सुचला आणि मी स्वतःवरच खूश झाले. काढा गाळल्यावर फडक्यात उरतो तो चोथा. खनिजातला हवा तो धातू काढून घेतल्यावर उरतो तोही चोथाच. शब्द घरचा आणि वनौषधीच्या व्यवहारातलाच होता. पण हा शब्द बरोबर आहे की नाही हे ठरवायला आधी ती वस्तू नीट समजून घ्यावी लागली, आणि त्या समजून घेण्यातूनच हा लेख झाला आहे. शब्दाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगते.

चोथा कोणत्याही धातूच्या खाणीचा असतो. पण ज्या खाणीच्या चोथ्याबद्दल सर्वांत जास्त समजून घ्यायला हवे ती युरेनियमची, आणि आपल्या देशात तिची सर्वांत जुनी जागा म्हणजे झारखंडच्या पूर्व सिंगभूम जिल्ह्यातले जादूगुडा. संथाळ, हो, मुंडा लोकांची वस्ती, सालाचे जंगल, जवळून वाहणारी सुवर्णरेखा. १९६७ साली युरेनियम कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तेव्हापासून इथले खनिज खणून, दळून, त्यातले युरेनियम काढले जात आहे. पुढे भाटिन, नरवापहाड, तुरामडीह अशा आसपासच्या खाणी सुरू झाल्या. हैदराबादच्या वाचकाला जादूगुडा दूरचे वाटेल, पण तिथे तयार होणारी पिवळी भुकटी इंधन बनायला येते ती आपल्याच शहरात, ईसीआयएलजवळच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये. भुकटी इकडे येते. चोथा तिकडे राहतो.

किती राहतो, हे पाहू. इथले खनिज अगदी हलक्या प्रतीचे आहे. एक टन दगडातून जेमतेम अर्धा किलो, कधी त्याहूनही कमी युरेनियम मिळते. म्हणजे जवळजवळ सगळाच दगड चोथा होतो, आणि तोही पिठासारखा बारीक दळलेला. दळलेल्या दगडावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून युरेनियम विरघळवून काढतात. उरलेला आंबट राडा चुन्याने शमवतात. त्यातला भरड भाग खाणीतल्या पोकळ्या भरायला परत खाली जातो आणि बारीक गाळ नळाने डोंगरांमधल्या बांध घातलेल्या तळ्यांत सोडतात. डिसेंबर २००६ मध्ये हा नळ फुटला आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत कित्येक तास तो गाळ जवळच्या ओढ्यात वाहत होता.

युरेनियम काढून घेतले तर गाळात काय उरले, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर असे: युरेनियम एकटे नसते. त्याच्या पोटी एक लांब वंशावळ असते. युरेनियमचा अणू फुटत फुटत थोरियम, रेडियम, रेडॉन, पोलोनियम अशी रूपे घेत शेवटी शिशावर येऊन थांबतो. या वाटेवर चौदा किरणोत्सर्गी मुक्काम आहेत. कारखाना त्यांतले युरेनियमचे दोन मुक्काम उचलून नेतो, बाकीचे सगळे तिथेच. त्यामुळे मूळ खनिजाच्या किरणोत्सर्गाचा सुमारे ८५ टक्के भाग चोथ्यातच राहतो. काढ्याची उपमा इथे उलटी पडते. काढ्यात औषधाचा गुण फडक्याखाली उतरतो आणि वर निःसत्त्व राहते. इथे किमती वस्तू खाली उतरते आणि तेज वर राहते. हे तेज विझायला लागणारा काळ माणसाच्या हिशेबात बसत नाही. रेडियम निम्मे व्हायला १६०० वर्षे लागतात, आणि ते नव्याने जन्माला घालणारे थोरियम निम्मे व्हायला सुमारे ७५ हजार वर्षे. चक्रधरांच्या काळापासून आजपर्यंत गेलेल्या वर्षांत रेडियमचा निम्मा भागसुद्धा संपला नसता.

आकड्यांत सांगायचे तर किरणोत्सर्ग ‘बेकेरेल’ या एककात मोजतात. सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकेरेल. साध्या शेतातल्या एक किलो मातीत रेडियमचे साधारण तीस-पस्तीस बेकेरेल असतात. टनाला अर्धा किलो युरेनियम असलेल्या खनिजाचा हिशेब मांडला तर त्याच्या एक किलो चोथ्यात रेडियमचे सहा हजारांच्या आसपास बेकेरेल येतात. दोन्ही मुठीत घेतले तर करड्या रंगाची बारीक माती, एवढेच दिसेल. वास नाही, ऊब नाही.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा, कारण तो भाषेतूनच येतो. ‘किरणोत्सर्गी झाड’ म्हटले की ज्याच्यावर किरणे पडली ते झाड, असे बहुतेकांना वाटते. माझ्या एका हुशार विद्यार्थ्याने तर लासलगावचा कांदा खाणे सोडले होते, कारण तिथल्या केंद्रात कांद्यावर गॅमा किरणांचा मारा करतात असे त्याने वाचले होते. मारा करतात, हे खरे. कोंब फुटू नयेत आणि कांदा टिकावा म्हणून करतात. पण किरणे आरपार जातात आणि कांदा कांदाच राहतो. तो स्वतः किरणे सोडू लागत नाही. उन्हात वाळत घातलेली पापडी रात्री प्रकाश देत नाही, तसेच हे. खाणीजवळच्या झाडाची गोष्ट वेगळी आहे. तिथे किरणे सोडणारा पदार्थच झाडात शिरतो, मुळात, खोडात, पानात मुक्काम करतो आणि ते मूळ आपण उकळून प्यायलो की आपल्या पोटात येतो. याला ‘दूषण’ म्हणावे. ‘विटाळ’ हा शब्द क्षणभर सुचला होता. पण विटाळ पाण्याने फिटतो अशी समजूत आहे, हे दूषण फिटत नाही. आणि त्या शब्दाने माणसांचे जे केले आहे ते पाहता तो विज्ञानाच्या कामाला जुंपू नये असे मला वाटते.

झाडात हा पदार्थ शिरण्याच्या वाटा प्रत्येक मूलद्रव्याच्या स्वभावाप्रमाणे वेगळ्या आहेत. युरेनियम बहुतेक झाडांत मुळाशीच अडते; मुळातल्या फॉस्फेटाला ते चिकटून बसते आणि पानापर्यंत थोडेच पोचते. रेडियम हे कॅल्शियमच्या गोत्रातले. झाडाला त्या दोहोंतला फरक नीट कळत नाही, त्यामुळे कॅल्शियमच्या वाटेने रेडियम वर चढते, सालीत आणि जुन्या पानांत साठते. (ब्राझीलच्या रानातली ब्राझील नट नावाची बी साध्या, अदूषित जमिनीतूनही इतके रेडियम ओढते की ती सर्वांत जास्त रेडियम असलेल्या खाद्यपदार्थांत गणली जाते. तिथे चोथा नाही, झाडाचा स्वभावच तसा.) तिसरी वाट हवेतली. चोथ्यातून रेडॉन वायू निघतो, चार दिवसांत निम्मा फुटतो, आणि त्याच्यापासून झालेले शिसे आणि पोलोनियम धुळीबरोबर पानांवर बसते. गुळगुळीत पानावरून पाऊस ते धुऊन नेतो, लव असलेल्या पानावर ते टिकते.

हवेतून ओढून घेण्यात सर्वांत पुढे शैवाक असतात, आणि आपल्या मराठी स्वयंपाकघरात एक शैवाक रोज असते, ते म्हणजे गोड्या मसाल्यातले दगडफूल. आयुर्वेदात ते ‘शैलेय’ म्हणून औषधातही येते. त्याला मूळ नाही. पाणी, क्षार, सगळे ते हवेतून आणि पावसातून घेते, आणि जे येईल ते साठवते. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशांत शैवाक खाणाऱ्या रेनडिअरच्या मांसात पोलोनियम जास्त सापडते ते याच कारणाने. डब्यातले दगडफूल टाकून द्या असे मी सुचवत नाही. आमच्या घरी कालच मसाला झाला. पण एखाद्या परिसराची हवा तपासायची असेल तर शास्त्रज्ञ आधी शैवाकाकडे का जातात, हे त्यावरून कळावे.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली तिच्याकडे येते. भरलेली तळी उघडी ठेवली तर कोरडा गाळ वाऱ्यावर उडतो. म्हणून त्यावर मातीचा थर देतात आणि झाडझाडोरा वाढवतात. कोणती झाडे लावावीत, हे ठरवायला डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जादूगुडाच्या चोथ्यावर प्रयोग केले. २०१० साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचा लेख आला. माती घट्ट धरणाऱ्या, पण मुळे फार खोल न नेणाऱ्या, गुरे ज्यांना तोंड लावत नाहीत अशा सात जाती त्यांनी अभ्यासल्या. काम चोख आणि गरजेचे आहे. त्याला माझा काडीचाही विरोध नाही. पण ती सात नावे वाचताना मी दोन ठिकाणी थांबले. इम्पेराटा सिलिंड्रिका आणि सॅकरम स्पॉन्टेनियम. पहिले म्हणजे दर्भ. दुसरे म्हणजे कास, शरदात पांढऱ्या तुऱ्यांनी फुलणारे.

आयुर्वेदात पाच गवतांच्या मुळांचा एक प्रसिद्ध गण आहे, तृणपंचमूळ. कुश, कास, शर, दर्भ आणि ऊस. लघवीला जळजळ, अडखळ, मूतखडा अशा तक्रारींवर हा काढा देतात. म्हणजे गाळ झाकण्यासाठी निवडलेल्या सातांपैकी दोन गवते या पाचांत आहेत. औषधात वापरायचे ते मूळ, आणि युरेनियम साठते तेही मुळात. त्यात युरेनियमचा पहिला घाव किरणांचा नसतोच. शिसे किंवा पारा यांच्यासारखे ते जड धातू म्हणून बाधते, आणि बाधते ते मूत्रपिंडाला. ज्या अवयवाच्या दुखण्यावर औषध द्यायचे, नेमका तोच. गाय या गवताला तोंड लावत नाही म्हणून ते निवडले. वैद्याच्या पिशवीचा विचार निवडीच्या निकषांत नव्हता.

तळ्यावर उपटलेले दर्भाचे मूळ कोणा रोग्याच्या पोटात गेले, असे मी म्हणत नाही. तळ्यांना कुंपण आहे, फलक आहेत. पण गवताला कुंपण कळत नाही. दर्भाचे बी वाऱ्यावर जाते, गाळ पावसात वाहतो, आणि ओढ्याकाठी दोघांची भेट होते.

धोका किती, हेही मोजून सांगायला हवे, नाहीतर भीतीशिवाय हाती काही लागत नाही. औषध आपण ग्रॅमांत घेतो, धान्य आणि पाणी किलोंत. बाजारात दहा ठिकाणचा माल एकत्र होतो, त्यामुळे एखाद्या वाईट जागेचा अंश पातळ होऊन जातो. शहरातल्या ग्राहकाला काढ्याच्या एका पुडीतून मिळणारी मात्रा बहुधा नगण्यच असेल. जागतिक आरोग्य संघटनेनेही वनौषधींतल्या किरणोत्सर्गावर अशाच विचाराने मर्यादा घातली नाही: घेतले जाते थोडे, तेव्हा धोका थोडा. हा हिशेब शहराचा आहे. जादूगुडाजवळच्या गावातला माणूस मूळ त्याच उतारावरून खणतो, पाणी त्याच ओढ्याचे पितो, सरपण तिथलेच जाळतो, मासे तिथलेच खातो, आणि आजारी पडला की त्याचा वैद्यही तिथलीच मुळी देतो. त्याच्याकडे माल मिसळून पातळ होत नाही. एकेक वाट वेगळी मोजली तर प्रत्येक ठिकाणी ‘मर्यादेत’ असे उत्तर येते. पण तो जगतो सगळ्या वाटांच्या बेरजेत. तिथल्या लोकांच्या आरोग्याबद्दल सरकारी संस्थांचे निष्कर्ष आणि स्वतंत्र डॉक्टरांची सर्वेक्षणे अजून एकमेकांशी जुळलेली नाहीत. २०१४ साली झारखंड उच्च न्यायालयाने आपणहून या प्रश्नाची दखल घेतली होती.

औषध कोणत्या रूपात घेतले यानेही फरक पडतो, आणि इथे वैद्य वाचकांनी लक्ष द्यावे. काढ्यात पाण्यात उतरेल तेवढेच येते, बाकी चोथ्यात जाते. चूर्णात सगळेच पोटात जाते. क्षाराचे प्रकरण आणखी निराळे आहे. आघाड्याचा क्षार करताना झुडपांचा भारा जाळून मूठभर राख करतात. युरेनियम किंवा रेडियम जळून जात नाही. जेवढे भाऱ्यात होते तेवढे मुठीत गोळा होते. पुढे ती राख पाण्यात कालवून गाळतात आणि ते पाणी आटवतात. रेडियम बरेचसे राखेत मागे राहील, पण युरेनियमचे तसे नाही. राखेच्या पाण्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते, आणि कार्बोनेटाच्या द्रावणात युरेनियम छान विरघळते. आंध्रातल्या कडपा जिल्ह्यात तुम्मलपल्लीला जो युरेनियमचा कारखाना आहे, तिथे दगडातून युरेनियम काढायला सोडियम कार्बोनेटाचे द्रावणच वापरतात. तत्त्व एकच, फक्त कढई मोठी.

भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात वनौषधींसाठी जड धातूंच्या मर्यादा आहेत: दहा लाख भागांत शिसे १० भाग, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३. तपासणीचे दाखले याच चौघांसाठी निघतात. या चौघांत युरेनियम नाही. साऱ्या देशभर प्रत्येक पोत्याची किरणोत्सर्गासाठी तपासणी करा असे म्हणणे खर्चाच्या दृष्टीने वेडेपणाचे ठरेल. पण सिंगभूम किंवा कडप्याकडून आलेल्या मुळांसाठी पाचवा रकाना असायला काय हरकत आहे? त्यासाठी आधी पोत्यावर गावाचे नाव हवे.

तेच कुठे नसते. बेगम बाजारात काष्ठौषधींच्या एका जुन्या दुकानात मी दर्भमूळ मागितले. आले. कुठले आहे, म्हणून विचारले. दुकानदार वयस्कर, अदबीने बोलणारे. म्हणाले, “जंगल का माल है मॅडम. जंगल का क्या गाँव होता?”

गंमत म्हणजे हा प्रश्न आपल्या परंपरेने फार आधी विचारलेला आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात आणि सुश्रुताच्या सूत्रस्थानात औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी याची परीक्षा सांगितली आहे. स्मशान, वारुळे, खड्डे, खारवट माळ, देवळांचे आवार अशा जागा सोडाव्यात, असे दोघेही आपापल्या यादीत सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेची यादी आणि ही यादी शेजारी ठेवली तर दोन हजार वर्षांच्या अंतराने एकाच वहीची दोन पाने वाटतात. मात्र इथे ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ या सुरात कोणी डोलू लागले तर मला ते मान्य नाही. कारण चांगल्या भूमीच्या खुणाही चरकाने सांगितल्या आहेत: माती स्निग्ध, काळी किंवा सोनेरी असावी, आणि वर कुश, रोहिष अशी गवते पसरलेली असावीत. आता जादूगुडाचे झाकलेले तळे डोळ्यांपुढे आणा. वर आणून टाकलेली चांगली माती, तिच्यावर डोलणारा दर्भ. जुन्या परीक्षेत ही जमीन उत्तीर्ण होते. बाजारात तर कुश आणि दर्भ सर्रास एकमेकांच्या नावाने खपतात. ग्रंथाने सांगितलेला प्रश्न आजही खरा आहे, पण त्याने दिलेल्या खुणा आता पुरत नाहीत. हिरवे आहे म्हणजे निकोप आहे, हे समीकरण ज्या काळात खरे होते त्या काळात माणूस दगडाचे पीठ करून डोंगराच्या कुशीत भरत नव्हता.

नव्या वस्तूला जुन्या भाषेत जागा कशी करावी, हा पेच फक्त आपलाच नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात नावाहो लोकांच्या प्रदेशात १९४४ ते १९८६ या काळात सुमारे तीन कोटी टन युरेनियम खनिज काढले गेले आणि पाचशेहून जास्त खाणी तशाच सोडून दिल्या गेल्या. १६ जुलै १९७९ रोजी चर्च रॉक येथे चोथ्याच्या तळ्याचा बांध फुटून पस्तीस कोटी लिटर दूषित पाणी प्युएर्को नदीत गेले. त्या नदीवर लोकांच्या मेंढ्या पाणी पीत. नावाहो वैद्य औषधी आणि विधीच्या वनस्पती आजही रानातून आणतात. त्यांच्या भाषेत युरेनियमला शब्द नव्हता. त्यांनी ‘लीत्सो’ म्हटले, म्हणजे पिवळी माती. पुढे त्याच शब्दाला पिवळा राक्षस असाही अर्थ चिकटला. एस्थर याझी-लुईस या नावाहो लेखिकेने त्यावर लिहिले आहे. राक्षसाला हरवायचे तर आधी त्याला नाव द्यावे लागते, अशी त्यांची समजूत आहे.

आपल्याकडे नल्लमलाच्या जंगलात ही वेळ यायची होती, ती तूर्त टळली. अमराबादच्या व्याघ्र प्रकल्पात युरेनियमचा शोध घेण्याच्या बेताला लोकांनी मोठा विरोध केला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तेलंगण विधानसभेने तिथे युरेनियम काढू नये असा ठराव केला. चर्चा झाली ती वाघांची, कृष्णेच्या पाण्याची, चेंचू लोकांच्या विस्थापनाची. ती योग्यच होती. पण चेंचू ज्या कंदमुळांवर आणि वनौषधींवर जगतात आणि जी विकतात, त्यांचा उल्लेख मला वर्तमानपत्रांत क्वचितच दिसला. ती मुळे आपल्याच बाजारात येतात.

आता त्या शब्दाकडे. पत्रकाचा कच्चा मजकूर घेऊन मी आदिलाबादकडच्या एका गावी गेले. तिथे युरेनियम नाही, पण त्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत, त्यांचे मातीचे डोंगर आहेत, आणि त्यांवर टाकळा, रिंगणी, आघाडा माजलेला असतो. दहा-बारा बायका शाळेच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी वाचले, “खाणीच्या चोथ्यावर उगवलेली वनस्पती खुडू नये.” आणि माझ्या घरगुती शब्दाला दाद मिळेल म्हणून थांबले.

मागे बसलेली एक बाई म्हणाली, “बाई, चोथा तं आमी झाडाच्या बुडाशी टाकतो. खतच होते त्याचं.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. बरोबरच होते. त्यांच्या भाषेत चोथा म्हणजे गुण निघून गेलेला, निरुपद्रवी, झाडाला चालणारा. मी निवडलेला शब्द त्यांना थांबवत नव्हता, उलट बोलावत होता. चोथ्यातच ८५ टक्के तेज राहते हे मी एवढ्या खटाटोपाने समजून घेतले होते, आणि शब्द मात्र नेमके त्याच्या उलट सांगत होता.

मग आम्ही तिथेच बसून वाक्य बदलले. एकच एक शब्द शोधणे सोडून दिले. पत्रकात आता असे छापले आहे: “खाणीतून बाहेर टाकलेली माती, दगड, राख किंवा गाळ जिथे पडला असेल, आणि त्याचे पाणी जिथून वाहत असेल, तिथले पान, साल, मूळ काही घेऊ नका. वर कितीही हिरवे असले तरी घेऊ नका. माल विकताना तो कोणत्या गावचा, कोणत्या ओढ्याकाठचा, ते पोत्यावर लिहा.” शेवटचे वाक्य मूळ इंग्रजी पत्रकात नव्हते. ते लिहिल्यावर तीच बाई म्हणाली, “लिवता येत नाही त्याईनं काय करावं?” त्यावर दुसरीने सुचवले की गावाच्या नावाची चिठ्ठी शाळेतल्या पोरांकडून लिहून घ्यावी. पत्रकाच्या शेवटी तेही घातले.